फक्कीच्या भिंती

नसलेल्या भिंतीवरून कुणी चाललं, की तो माणूस ओरडायचा. रिकामा प्लॉट, गवत काढलेलं, मातीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या. त्या रेघेवर पाय पडला की लांबून आवाज यायचा, "ओ भाऊ! भिंतमाईन कोठे चालना? दार तिकडे शे!" वीटवाला असो, नाहीतर नगरसेवक असो. माझ्या व्याह्यांना तर त्यानं पार मागं फिरवून दारातून आत यायला लावलं. बिचारे हसत हसत आले. पण आत म्हणजे कुठं, उन्हातच. तिथं चप्पल काढावी का घालून ठेवावी, ते त्यांना कळेना.

घरांचे नकाशे काढायचा तो. धुळ्याचा. शिकलेला होता, मुंबईला जाऊन. पण बघितलं तर वाटायचं हा स्टँडवर पेपर विकत असेल. खांद्याला प्लास्टिकचा पाईप, त्याच्यात नकाशे गुंडाळलेले. खिशात खडू, त्यामुळं खिसा कायम पांढरा. धुळ्याहून एसटीनं जळगावला यायचा अन् स्टँडवरून आमच्या पिंप्राळ्यापर्यंत पायी. रिक्षावाले हाका मारायचे, त्यांना हात हलवून नको म्हणायचा. वाटेत लोकांची घरं बघायचा अन् शिव्या द्यायचा. आमच्याकडं पोचला की पाणी पिता पिता बठ्ठं, एकूण एक सांगायचा. "कोपऱ्यावरचं ते गुलाबी घर बघितलं का अक्का? घराला नाकच नाही. श्वास कुठून घेईल? त्याच्या पुढच्या घराचं तोंड शेजारणीच्या मोरीत. अन् वर लिहिलंय आईची कृपा."

मुलानं घर बांधायला काढलं म्हणून तो आमच्याकडं आला. मुलाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, बरं चालतं. आम्ही तेव्हा पिंप्राळ्यातच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. मी, मुलगा, सून अन् नात. सुनेचं माहेर धुळ्याचं. तिथं कुणीतरी सांगितलं, माणूस तिरपागडा आहे, पण घर असं बांधतो की मे महिन्यात लोक पंखा लावायला विसरतात.

पहिल्या दिवशी आला तर सुनेनं खुर्ची पुढं केली. तो खाली फरशीवर बसला. चहा आला, तर कप हातात घेऊन उठला अन् घरभर फिरायला लागला. मोरीत डोकावला. खाटेखाली वाकून बघितलं. फळीवरचे डबे खालीवर करून बघितले. नात म्हणाली, "आजी, हे काका चोर आहेत का?"

तो म्हणाला, "हो. तुमचं घर चोरून कागदावर नेतोय."

मग माझ्याकडं वळला. "अक्का, उभ्या राहा. हात कोपरात वाकवा." टेप काढला, अन् जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत मोजलं. मग सुनेचं कोपर मोजलं. का, तर स्वैपाकाचा ओटा कोपराच्या हिशेबानं करायचा असतो म्हणे. उंच झाला तर खांदे भरतात, खाली झाला तर कंबर जाते. सून म्हणाली, "आईंचं कशाला? स्वैपाक तर मीच करते."

"तुम्ही कधी आजारीच पडणार नाही का?" तो म्हणाला.

मला हसू आलं. माझ्या कोपराला एवढा मान कुणी दिला नव्हता. माझा नवरा दोंडाईच्याला स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होता. तो लवकर गेला, पोर तेव्हा मांडीएवढं. मी मिरच्यांच्या देठावर जायला लागली. दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडायचे. हातांची अशी आग व्हायची, की धुवून जात नाही, तेल लावून जात नाही. त्या हातानं पोराला शिवायची सोय नाही. डोळ्याला लागलं तर पोर रडून जीव काढी. मग मी त्याला कोपरानं थोपटायची. तसाच मोठा झाला तो. लहानपणी मला माय म्हणायचा. दुकान टाकल्यापासून आई म्हणतो.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या नकाशावाल्याला सांगितलं. का सांगितलं, काय माहीत. त्यानं कोपर मोजलं म्हणून असेल. तो टेप गुंडाळत होता, तो थांबला. म्हणाला, "अक्का, दुपारच्या तुम्ही कुठं बसता?"

"उंबऱ्यात. आत चुलीवर लक्ष राहतं, अन् बाहेर पोराची वाट बघता येते."

"आता पण?"

"आता चूल नाही, अन् पोराला गाडी आहे. पण बसते तिथंच."

त्यानं राहिलेला टेप गुंडाळला.

भांडखोर होता. अन् भांडणं केली ती मोठ्या तोऱ्यात सांगायचा. धुळ्यात एका शेठचं घर करत होता. शेठाणीला कपाट ठेवायला जागा पाहिजे, म्हणून शेठनं एक खिडकी बुजवायला सांगितली. हा म्हणाला, तिथं तुमच्या वडिलांची खाट येणार, खिडकी बुजवली तर म्हातारा गुदमरेल. शेठ म्हणाला, "बाबूजी को कूलर दे देंगे ना." ह्यानं नकाशे पाईपात कोंबले, पाईप खांद्याला लावला अन् चालता झाला. परत त्या गल्लीत गेला नाही. "एका खिडकीसाठी घर सोडलं, अक्का," असं म्हणायचा अन् छाती पुढं काढायचा. मी म्हणायची, "बरं केलं साहेब." मनापासून म्हणायची.

सुनेशी त्याचं जुंपलं ते काचेवरून. तिला मोबाईलमधल्या घरासारखी काच पाहिजे होती. हॉलला, रस्त्याच्या बाजूनं, जमिनीपासून पार स्लॅबपर्यंत. अन् रस्ता आमचा पश्चिमेला. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "ताई, उद्या दुपारी प्लॉटवर या. सोफा कुठं येईल ते दाखवतो."

मे महिना होता. जळगावचा मे, दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. आम्ही गेलो तर त्यानं फक्कीनं हॉल काढून ठेवलेला, अन् सोफ्याच्या जागी प्लास्टिकची खुर्ची. "बसा," म्हणाला. सून बसली. डोक्यावर ओढणी, तोंडाला रुमाल.

"रुमाल सोडा. घरात कुणी रुमाल बांधतं का?"

तिनं सोडला.

"आता समोर टीव्ही आहे. बघा."

"काय बघू? डोळे उघडत नाहीत."

"बरं. आता पाहुणे आलेत. हसा."

ती उठलीच. तोंड लाल झालेलं, घाम गळत होता. मुलाला म्हणाली, "काच उत्तरेला घ्या, नाहीतर घेऊच नका. पण ह्या माणसाला आवरा!" प्लॉटच्या कडेला एक कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत मी अन् मुलगा पोट धरून हसत होतो. मग सूनही हसायला लागली. त्या घराच्या पायी आम्ही तिघं एका गोष्टीवर हसलो, ते तेवढंच.

त्याची एक रीत होती. पाया खोदायच्या आधी घरच्यांनी एक दिवस त्या फक्कीच्या घरात राहून बघायचं. सकाळी यायचं ते दिवेलागणीला जायचं. स्टोव्ह, भांडी, खाटा, माठ, बठ्ठं घेऊन यायचं. स्वैपाक स्वैपाकघरातच करायचा, झोपायचं झोपायच्या खोलीत. अन् जायचं-यायचं ते दारातूनच, रेघेवरून नाही. "कागदावर घर सगळ्यांनाच आवडतं," म्हणायचा, "पायांना आवडतं का ते बघू द्या." रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. उघड्यावर एक कुटुंब बसलेलं, अन् त्यांच्यावर डाफरणारा हा.

परवानगीचे कागद येईपर्यंत थंडी आली, तेव्हा आम्ही गेलो. मुलानं मला माझी खोली दाखवली. "आई, ही तुझी. वेगळी. तुला तुझं दार, तुझं बाथरूम. कुणाची कटकट नाही." पार्किंगच्या मागं होती, स्वैपाकघराला लागून. खोली ऐसपैस होती. खिडकी लिंबाकडं. मी खाट टाकली अन् बसली. चांगलं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. जन्मात पहिल्यांदा एक अख्खी खोली माझी होणार होती.

सुनेनं हाक मारली, "आई, मेथी निवडून द्याल का?"

स्वैपाकघर माझ्या शेजारीच. मधी एक रेघ. वाकून हात लांब केला असता तर जुडी हातात आली असती. पण रीत म्हणजे रीत. मी दार बघितलं. माझ्या खोलीला दार एकच, अन् ते बाहेर. मी निघाली. पार्किंगमधून मुलाच्या गाडीला वळसा घालून पुढच्या अंगणात. मग पायऱ्या, मोठं दार, हॉल, जेवायची जागा, अन् मग स्वैपाकघर. जुडी घेतली, त्याच वाटेनं परत आली. निवडली. द्यायला परत गेली. तर मिठाची पुडी माझ्या पिशवीत राहिलेली. परत आली, परत गेली. मग नातीला तहान लागली, अन् माठ माझ्याकडं.

मला तोवर काही वाटलं नव्हतं. जन्मभर फेऱ्याच मारल्या, त्यात काय वाटायचं. पण तो बघत होता. लिंबाला टेकून बडीशेप चघळत उभा होता. चघळायचा थांबला. नात मधल्या रेघेवरून उडी मारून माझ्याकडं आली अन् तशीच परत गेली, तरी ओरडला नाही.

मी तांब्या भरून पुन्हा बाहेर निघाली तसा तो पुढं आला. माझ्या खोलीच्या अन् स्वैपाकघराच्या मधल्या रेघेवर त्यानं चप्पल घासली. दाराएवढी रेघ पुसून टाकली. म्हणाला, "अक्का, इकडून जा."

मी गेली. लगेच पोचली. तांब्या नातीच्या हातात दिला.

मुलगा फोनवर बोलत होता. त्यानं फोन ठेवला. "साहेब, हे काय?"

"दार."

"तिथं दार नको म्हटलं होतं. आपलं बोलणं झालं होतं."

"तुमचं माझं झालं होतं. अक्का आज चालल्या."

मुलानं आवाज बारीक केला. पण भिंती फक्कीच्या, ऐकू सगळं येत होतं. "खोली वेगळीच राहू द्या साहेब. उद्या भाड्यानं द्यायची झाली तर मधी दार असलं की कुणी घेत नाही."

उद्या. तो उद्या म्हणजे कधी, ते तिथं सगळ्यांनाच कळलं. सून कढईत बघायला लागली. मी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

मला वाटलं, आता हा पाईप उचलतो. शेठच्या म्हाताऱ्याच्या खिडकीसाठी उचलला होता, तसा. अन् त्यानं उचलला. खांद्याला लावला. रस्त्याकडं बघितलं. मी उभी होती तशीच उभी राहिली. मग त्यानं पाईप काढला, खाली ठेवला. फक्कीचं घमेलं घेतलं, मूठ भरली, अन् जिथं पुसली होती तिथं पुन्हा रेघ ओढली. सरळ ओढली. त्याची रेघ कधी वाकडी यायची नाही.

"अक्का, भिंत," म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

जेवणं झाली. मी माझं ताट घेऊन बाहेरून माझ्या खोलीत गेली अन् खाटेवर बसून जेवली.

लोक सांगतात, त्याच्या हातात तेव्हा दुसरं काम नव्हतं. तयार नकाशे मोबाईलवर मिळतात, ठेकेदार फुकटात काढून देतात. कोपर मोजणारा माणूस कुणाला पाहिजे? आमचं घर सोडलं असतं तर तो रिकामा बसला असता. असेल तसं. पोटासाठी मान खाली घालणं मला कुणी शिकवायला नको. पण शेठच्या बाबूजींसाठी त्याचं तोंड उघडलं, अन् माझ्यासाठी नाही. हे मी विसरली नाही.

बांधकामावर पाणी मारायला मी जायची. मुलगा म्हणायचा, माणूस लावू. पण घरी बसून काय करायचं. सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन विटांच्या भिंती भिजवायची. सिमेंट ओलं राहिलं तर भिंत पक्की होते, नाहीतर भुसभुशीत राहते. गवंडी आमच्या दोंडाईच्याकडचाच होता, बोलायला बरा. एक दिवस बघते तर माझ्या खोलीच्या त्या आंधळ्या भिंतीवर तो लिंटेल टाकायची तयारी करत होता. दार-खिडकीच्या वर सिमेंटचा पट्टा टाकतात, तो लिंटेल. वरच्या विटांचं वजन तो घेतो, म्हणून खाली मोकळी जागा ठेवता येते. नकाशावाला कमरेवर हात ठेवून उभा.

गवंडी म्हणाला, "साहेब, आठे दार नही शे. मंग लिंटेल कसाले?"

"तू टाक."

"मालकनी इचारं तं?"

"सांग, साहेब येडा शे."

"ते त्यास्ले मालूमच शे," गवंडी म्हणाला, अन् कामाला लागला.

लिंटेलच्या खाली दाराएवढी जागा होती, ती त्यानं वेगळ्या विटांनी भरायला लावली. बाजूच्या भिंतीत वीट अडकवायची नाही, कालवलेल्या मालात सिमेंट नावापुरतं. मग खडूनं दोन्हीकडून उभ्या रेघा मारल्या अन् मला म्हणाला, "अक्का, इथून इथपर्यंत पाणी मारू नका."

"का बरं?"

"पक्की नको व्हायला. वर लिंटेल आहे. कधीही विटा काढा, घराला ओरखडा येणार नाही. जागा ध्यानात ठेवा."

मी नळी हातात धरून उभी राहिली. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी तोंडानं बोलला असता तर बरं झालं असतं."

"बोललो असतो तर त्यांनी दुसरा आणला असता. त्यानं लिंटेल टाकलं नसतं."

"पण तुम्ही बोललेलं मी ऐकलं असतं ना."

त्यानं खडू खिशात टाकला, अन् तिकडं गवंड्यावर उगाच ओरडायला लागला. मी नळी दुसऱ्या भिंतीकडं फिरवली. त्या तुकड्याला पाणी मारलं नाही.

घर चांगलं झालं. कुणीही यावं अन् बघावं. दुपारी हॉलमध्ये गार वाटतं, उजेड येतो पण ऊन येत नाही. वास्तुशांतीला लोक वरण-बट्टी जेवत होते अन् डोकं वर करकरून बघत होते. तो आला, पण मोठ्या दारातून आत गेलाच नाही. माझ्या दारातून आला, माझ्या उंबऱ्यात बसून जेवला. हात धुतल्यावर त्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज जरा वेगळा आला. माझ्याकडं बघून हसला. मी हसली नाही.

राहायला लागलो. माझं ताट नात घेऊन यायची, पार्किंगमधून, वर दुसरं ताट झाकून. मग तिचे क्लास सुरू झाले, तेव्हापासून मीच जाऊन आणते. खाटेवर पडलं की भिंतीतून सगळं ऐकू येतं. मिक्सर, कुकर, फोडणी. ते हसतात तेही ऐकू येतं. कशाला हसतात, ते कळत नाही.

मग एका उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगा मालाच्या कामाला धुळ्याला गेलेला, नात क्लासला. भर दुपार. मी पडली होती, तर भिंतीच्या पलीकडं धाडकन आवाज. काहीतरी पडलं, मग डबे गडगडले. अन् सुनेचा आवाज, "आई! ओ आई! गॅसवर तेल आहे!"

ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती. स्टूल सरकलं. पाय असा मोडला की जागची हलता येईना. अन् कढईत तेल तापायला ठेवलेलं.

मी पळत निघाली. पार्किंग, अंगण, पायऱ्या. मोठं दार बंद. ते दार नुसतं लोटलं तरी आपोआप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली मुलाकडं. दारावर हात मारले. शेजाऱ्यांना हाका मारल्या. सगळीकडं कूलर चालू, कोण ऐकतं. स्वैपाकघराच्या खिडकीला जाळी. त्या जाळीतून धूर बाहेर यायला लागला होता.

लिंबाचं आळं करायची पहार माझ्या दाराशी पडलेली असते. ती घेतली अन् खोलीत आली. भिंतीला रंग दिलेला, खडूच्या रेघा कधीच गेलेल्या. पण खाटेचा पाय मी पहिल्या दिवसापासून बरोबर त्या रेघेवर ठेवला होता. खाट ओढली अन् पहार मारली. प्लास्टर फुटलं. पहिली वीट निघायला वेळ लागला. मग बाकीच्या अशा निघाल्या, जशा वाटच बघत होत्या. अंग जाईल एवढं झालं तशी मी आत घुसली. कढईतलं तेल पेटायच्या बेतात होतं. गॅस बंद केला, वर ताट झाकलं, अन् सुनेजवळ खाली बसली.

ती पाय धरून कण्हत होती. माझे हात विटकरीनं अन् रक्तानं भरलेले. तिला शिवायचं कसं? मी तिला कोपरानं थोपटलं.

मुलगा आला तेव्हा तिला प्लास्टर घालून आणलेलं होतं. शेजारच्यांनी मदत केली, नाही म्हणणार नाही. तो भिंतीपुढं उभा राहिला. गवंड्याला बोलावलं. गवंड्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "भाऊ, वर लिंटेल शे. हाई दारच शे." मुलानं उभ्या उभ्याच नकाशावाल्याला फोन लावला, अन् तोंडाला येईल ते बोलला. आम्हाला न विचारता आमच्या घरात असं कसं केलं, असं अन् तसं. सून खाटेवरून म्हणाली, "ओरडू नका. ते नसतं तर मी मेली असती. राहू द्या दार."

दार राहिलं. सुतार आला, चौकट बसवली, फळी बसवली. मुलगा तेव्हा फोनवर होता. सुतारानं विचारलं, "शेठ, कडी कोणत्या बाजूनं लावू?"

मुलगा फोनवरून तोंड न काढता म्हणाला, "आमच्या बाजूनं."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. असतं तर त्यानं विचार करून सांगितलं असतं.

सुनेला प्लास्टर होतं तोवर दार दिवसभर उघडं राहायचं. स्वैपाक मी करायची. ओटा माझ्या कोपराला बरोबर यायचा. ती खुर्चीवर बसून लसूण सोलायची, माहेरच्या गोष्टी सांगायची. एकदा म्हणाली, "आई, तुम्ही दोंडाईच्याचं कधी काही सांगत नाही." मी सांगितलं थोडं. मग प्लास्टर निघालं. आधी दार लोटलं, एसीची हवा जाते म्हणून. मग माझ्याकडं फोडणीचा वास जातो म्हणून. मग पाहुणे आले म्हणून कडी लावली. पाहुणे गेले.

आता मी टकटक करते. ऐकू गेलं तर उघडतात.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी तो आला. म्हातारा दिसायला लागला होता, पण पाईप खांद्याला होताच. स्टँडवरून चालतच आलेला. माझ्या दारातून आत आला, दार बघितलं, अन् लहान पोरासारखा हरखला. "उघडलं की अक्का!" चौकटीवरून हात फिरवला, वर लिंटेलखाली बघितलं. "बघा, केसाएवढी भेग नाही. म्हटलं होतं ना!" मग दार ढकललं. दार हललं नाही. त्यानं कडी शोधली. वर चाचपलं, मधी चाचपलं, खाली वाकून चाचपलं. पलीकडं मिक्सर चालू होता.

"अक्का," म्हणाला, "हे दार..."

"साहेब, भिंत," मी म्हटलं.

तो खाटेवर टेकला. मी पाणी दिलं, ते प्याला. मग म्हणाला, "अक्का, उभ्या राहा. कोपर वाकवा." मी वाकवलं. त्यानं खडू काढला अन् दारावर माझ्या बाजूनं, कोपराच्या उंचीला, आडवी रेघ ओढली. "कडी इथं पाहिजे. सुताराला सांगा."

"सुतार माझं ऐकेल का? मालक आत आहे, घरीच आहे आज. तुम्ही सांगा ना त्याला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. उठला, पाईप खांद्याला लावला. म्हणाला, "सांगतो." अन् निघाला. पार्किंगमधून, गाडीला वळसा घालून. मोठ्या दाराची बेल वाजली ते मी ऐकलं. मिक्सर थांबला. मी दाराला कान लावला. पहिल्यांदाच लावला, एरवी मला कान लावायची गरज पडत नाही.

मुलगा म्हणाला, "या साहेब. बोला."

 मग त्याचा आवाज आला.

"काही नाही. घर चांगलं ठेवलंय तुम्ही."

मग मोठं दार आपोआप लागलं, अन् थोड्या वेळानं गेट वाजलं.

परत आला नाही तो. दारावर खूण आहे अजून, माझ्या कोपराशी. मी पुसत नाही. रेघ सरळ आहे त्याची.